हाताला धरायला

सूनबाई, चिडू नकोस. आज आला नाही तर उद्या येईल. कॉन्ट्रॅक्टर असाच असतो. भिंत फोडेपर्यंत दिवसातून दोनदा दारात, आणि एकदा भिंत फोडली की त्याचा फोन लागत नाही. मी चाळीस वर्षं प्लंबिंगची कामं केली, असे पंचवीस-तीस जण जवळून पाहिलेत. तुम्हा दोघांना मिळालाय तो त्यातल्या त्यात बरा आहे.

एवढंच कर. उद्या त्याने काम झालं म्हणून सांगितलं, की हाताने ठोकून बघायचं. धरून ओढून बघायचं. तो हसेल. हसू दे.

का म्हणून काय विचारतोस रे? बस तर मग. त्या पोत्यावर नको, पँट पांढरी होईल. इकडे सरक. दिवा राहू दे तसाच.

हे ज्याच्यावर गुदरलं तो माझ्या चांगल्या ओळखीचा. अजून आहे. हार्डवेअरच्या दुकानात काउंटरमागे बसतो, खिळे तोलून देतो. तेव्हा मात्र तो स्वतः कॉन्ट्रॅक्टर होता, हाताखाली आठ माणसं. आम्ही सगळे त्याला 'झालंच' म्हणायचो. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: झालंच म्हणून समजा. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, तोंडात शिवी नाही, गिऱ्हाइकाशी बोलणं गोड. फक्त एका वेळी चार घरं फोडून ठेवायची खोड. एका घरात उभा असला तरी जीव दुसऱ्या घरात.

सहा वर्षं झाली. फेब्रुवारीची एकोणीस तारीख, मंगळवार. अमावास्या वगैरे काही नाही, उलट पौर्णिमा होती. संध्याकाळी साडेसातला तो स्कूटर काढून एक दांडा आणायला निघाला. बाथरूमच्या भिंतीला लावतात ना, म्हाताऱ्या माणसाला धरून उठता-बसता यावं म्हणून, तसला. पितळेचा, दीड फुटी, वर चकचकीत मुलामा. दुकानदाराने तीन-चार प्रकार दाखवले, पण याला हवा होता अगदी एका दांड्यासारखा दुसरा. तो मिळाला. कोरा, प्लॅस्टिकच्या वेष्टनातला. याने तो पिशवीत घातला आणि बायकोला फोन केला, की मला साडेनऊ होतील, तुम्ही जेवून घ्या.

घरी तो पोचला दुसऱ्या दिवशी दुपारी.

दांडा कशाला हवा होता ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

एक शाळेतल्या बाई होत्या. लग्न केलेलं नाही, गल्लीच्या टोकाला शेवटचं घर, घरात बाई आणि त्यांचे वडील. म्हातारा कारखान्यात फिटर होता, पस्तीस वर्षं. निवृत्त झाल्यावर दोन-चार वर्षं बरी गेली आणि मग अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, जीभही गेली. डोकं मात्र लख्ख. सगळं कळायचं, बोलायला गेला की नुसते तुकडे पडायचे. बाई दिवसभर शाळेत. म्हाताऱ्याला एकट्याने बाथरूमला जाता यावं म्हणून त्यांनी काम काढलं. बसायचा कमोड, खरखरीत फरशी, आणि हाताला धरायला भिंतीत दांडा.

"ताई, आठ दिवसांत झालंच म्हणून समजा," हा म्हणाला. पाइपांचं काम माझ्याकडे होतं.

शेवटच्या दिवशी दांडा बसवायची वेळ आली. ती भिंत बाथरूम आणि म्हाताऱ्याची खोली यांच्या मधली. याने ड्रिल लावलं तर लोण्यात घुसावं तसं आत गेलं. पोकळ विटांची भिंत. स्क्रूसाठी भोकात प्लॅस्टिकची गिट्टी घातली, ती जागच्या जागी फिरायला लागली. आता असल्या भिंतीत स्क्रू धरत नाही, हे त्यालाही माहीत आणि मलाही. आरपार बोल्ट घालायचे, पलीकडच्या खोलीतून लोखंडी पट्टी लावायची आणि नट आवळायचे. म्हणजे अजून एक दिवस. आणि त्याचा फोन सारखा वाजत होता. दुसरीकडे स्लॅबचा माल घेऊन गाडी उभी होती.

त्याने माझ्याकडे काडेपेटी मागितली.

मी दिली.

त्याने भोकांत काड्या कोंबल्या, वरून पांढरं सिमेंट दाबलं, चार स्क्रू पिळले. तासाभराने दांडा असा चकाकत होता, की कोणी म्हणावं काय झकास काम आहे.

बाई वडिलांना धरून दाखवायला घेऊन आल्या. म्हातारा दारात थांबला. डाव्या हाताने दांडा धरला, जरासा हलवला. मग बोट वाकवून भिंतीवर ठोकलं. टक. टक. मान कलती करून ऐकलं. आणि झालंचकडे बघून म्हणाला, "पो... पो..."

"काय म्हणतायत?" बाईंनी विचारलं.

हा म्हणतो कसा, "पॉलिश म्हणतायत, ताई. पॉलिश छान आलंय म्हणतायत."

बाई हसल्या. "बाबा, आवडलं ना?"

म्हाताऱ्याने जोरात मान हलवली. नाही म्हणून. मग माझ्याकडे बघितलं. मी तिथेच खाली बसलो होतो, नळाच्या आट्यांवर टेप गुंडाळत. पोकळ म्हणत होता तो. कारागीर माणूस, एका ठोक्यात ओळखलं त्याने. मला कळलं. त्याला कळलं की मला कळलंय.

मी टेप गुंडाळत राहिलो.

पुढे दहाव्या दिवशी, बाई शाळेत असताना, म्हातारा बाथरूममध्ये पडला. समोरच्या घरातल्या बाई तीन वाजता डोकावल्या तेव्हा सगळं संपलेलं होतं. त्यांनी आरडाओरडा केला, आजूबाजूचे धावले. झालंच जवळच राहायचा, तोही आला. नळ चालू होता, तो बंद करायला म्हणून हाच पुढे आत गेला. बघतो तर दांडा एका स्क्रूवर लोंबकळतोय. मागे माणसं यायच्या आत याने काय केलं, तर तळव्याने दांडा परत भोकांत दाबून बसवला. जिथल्या तिथे.

चक्कर आली असेल, सगळे म्हणाले. हाही म्हणाला.

बाई आठ-दहा दिवस बहिणीकडे जाऊन राहिल्या. सोमवारी त्यांचा फोन आला. "भाऊ, बुधवारी दुपारी मी घरी येतेय. माझे भावोजी बरोबर आहेत, ते बांधकामातलेच आहेत. बाथरूम एकदा बघतो म्हणाले. तुम्हीही या."

आता कळलं दांडा कशाला? माळ्याच्या फळ्या लावायच्या राहिल्या होत्या, म्हणून घराची एक किल्ली अजून याच्याकडेच होती. जुना दांडा एका बाजूने वाकला होता. तसाच नवा आणायचा, घट्ट बसवायचा, आणि दुपारी हात बांधून उभं राहायचं. दिवसा जायची सोय नव्हती, समोरच्या बाई कायम खिडकीत. म्हणून रात्री.

आता त्याने मला जसं सांगितलं तसं सांगतो.

नऊ वाजून दहा मिनिटांनी त्याने कुलूप काढलं. घरात बंद घराचा वास. बाथरूमचा दिवा लावला. बसून आंघोळ करायचं स्टूल भिंतीला टेकवलेलं. खुंटीवर टॉवेल, वाळून कडक झालेला. जुना दांडा दोन बोटांनी ओढला तर हातात आला. काड्या खाली पडल्या.

बोल्टच्या भानगडीत तो आताही पडला नाही. जुनी भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवली, जरा बाजूला नवी पाडली, या वेळी लांब गिट्ट्या, मोठे स्क्रू. उद्याच्यापुरतं धरलं म्हणजे झालं. पावणेदहाला काम संपलं. वाकून हात धुवायला लागला.

मागे भिंतीवर आवाज आला. टक. टक.

पाइपमध्ये हवा असते, त्याला वाटलं. नळ बंद केला, पिशवी उचलली, हॉलमध्ये आला. आणि मागून करकर ऐकू आली. लाकूड पिळल्यासारखी. मग फरशीवर वाळू सांडल्यासारखं काहीतरी.

परत जाऊन बघतो, तर दांडा एका स्क्रूवर लोंबत होता.

उंदीर नाही, वारा नाही. बाथरूमला एवढासा झरोका. त्याने स्वतःला समजावलं, की भिंत कच्ची, स्क्रू निसटला असेल. पुन्हा बसवला. या वेळी भोकांत चिकटवायचा मसाला भरला, तो सुकेपर्यंत अर्धा तास दांडा दाबून उभा राहिला. घामाने भिजला. हात काढला. दांडा जागेवर.

तो दाराकडे वळला.

टक. टक.

मग कोणीतरी ऐकत असावं, एवढा वेळ शांत.

मग करकर.

त्याने वळून बघितलं नाही. सरळ हॉलमधून बाहेर पडला, फाटकापर्यंत आला. दार उघडं होतं, स्कूटर समोर होती, चांदणं लख्ख पडलं होतं. त्याला कोणी अडवलं नव्हतं. तो जाऊ शकत होता. हे त्याने मला तीनदा सांगितलं. मी जाऊ शकत होतो.

तेवढ्यात घरातून आवाज आला. हळू. घशात अडकलेला.

"पो..."

थोडा वेळ काही नाही.

"पो..."

आणि हा परत आत गेला. का गेलास, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, "त्या दिवशी मी त्याला पुरं बोलू दिलं नव्हतं."

बाथरूमकडे जायची छाती झाली नाही. म्हाताऱ्याच्या खोलीत शिरला, दिवा लावला. पलंगावरची गादी गुंडाळलेली. पलंगाखालून लोखंडी पेटी अर्धी बाहेर आलेली. फिटरची हत्यारांची पेटी. झाकण उघडं. आत सगळ्यात वर, तेलकट फडक्यावर, ओळीने मांडलेलं सामान. चार लांब बोल्ट. चार नट, चार वायसर. दोन लोखंडी पट्ट्या, भोकं पाडलेल्या. एक पाना.

त्याने बोल्ट भिंतीच्या जाडीला लावून बघितला. बरोब्बर.

बाई मला नंतर म्हणाल्या, शेवटचे काही दिवस बाबा सारखे पलंगाखाली बोट दाखवायचे. पेटी काढून द्यायचे मी, तासन् तास डाव्या हाताने काहीतरी करत बसायचे. मला वाटायचं, वेळ जातोय त्यांचा.

काय म्हणालीस? हो. त्या दांड्यासाठीच.

तर आता याच्या लक्षात आलं, की सुटका नाही. बाथरूममध्ये गेला. दांडा लोंबत होता तो उतरवला. खाली मान घालून तीच चार भोकं आरपार नेली. दांडा लावला, चारही बोल्ट आत सारले.

आता एक ऐका. आरपार बोल्ट हे एकट्याचं काम नाही. एकाने अलीकडून बोल्टचं डोकं पान्याने धरायचं, दुसऱ्याने पलीकडून नट आवळायचा. धरलं नाही तर नटाबरोबर बोल्टही फिरतो. कितीही फिरवा, नुसता गरगर फिरतो. हे त्याला माहीत होतं. तरी तो पलीकडच्या खोलीत गेला. पट्टी लावली. नट चढवला. बोटाने फिरेल तेवढा फिरवला. मग पाना लावला.

बोल्ट फिरेल, याची वाट बघितली.

फिरला नाही.

नट आवळत गेला. घट्ट झाला. बोल्ट तसूभरही हलला नाही.

पलीकडून कोणीतरी धरला होता.

दुसरा बोल्ट... तोही धरलेला.

तिसरा आवळताना पाना सटकला आणि खाली पडला. तो उचलेपर्यंत पलीकडे शांत. उचलून लावला. पुन्हा धरलं.

चौथा.

झाला.

रात्रीचा एक वाजायला आला होता. तो तिथेच भिंतीला पाठ लावून खाली बसला. मधे ती भिंत. पलीकडे बाथरूमचा दिवा चालू. दाराखालून उजेड येत होता.

टक. टक.

शांत.

मग दांड्यावर हात पडल्याचा आवाज. ओढलं.

हललं नाही.

पुन्हा ओढलं. जोरात. याच्या पाठीला भिंतीचा हिसका जाणवला.

हललं नाही.

मग भार पडला. सगळ्या अंगाचा. बोल्ट जरा कुरकुरले आणि थांबले.

...

त्याला वाटलं, संपलं. आता जाईल.

नाही.

धरलं. सोडलं.

थोड्या वेळाने पुन्हा. धरलं. सोडलं.

घाई नाही. राग नाही. रोज सकाळ-संध्याकाळ माणूस धरतो, उठतो, बसतो, तसं. धरलं. सोडलं. हा पाना हातात घेऊन बसलेला. दोन वाजले. तीन. मोजणं कधीच सोडलं होतं.

धरलं. सोडलं.

धरलं...

पहाटे पाच वाजता थांबलं.

तो उठला, बाथरूमकडे न बघता बाहेर पडला, आणि पावणेसहाला माझ्या दारात उभा. अंगभर सिमेंट, पाना अजून मुठीत. तुझ्या आईने चहा दिला, तो त्याच्या हातात गार झाला. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "तूही चल दुपारी. मी एकटा जाणार नाही." काडेपेटी माझी होती. मी गेलो.

बारा-साडेबाराला बाई आल्या, भावोजी बरोबर. उंच, हिशोबी चेहऱ्याचा माणूस. बाथरूममध्ये शिरला. फरशी पायाने घासून बघितली. मग दोन्ही हातांनी दांडा धरला आणि पाय उचलून अंगाचा सगळा भार टाकला. दांडा ढिम्म. मग पलीकडच्या खोलीत जाऊन पट्ट्या बघितल्या, नट बघितले.

"काम पक्कं आहे," म्हणाला. "असं कोणी करत नाही हल्ली. म्हणजे त्यांना चक्करच आली असणार."

बाई दारात उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी ते मला जाऊ देत नव्हते. पदर धरून ठेवला होता. मी सोडवून घेतला. परीक्षेचे पेपर होते." मग म्हणाल्या, "मी राहायला हवं होतं."

झालंचने तोंड उघडलं. मी बघितलं, उघडलं त्याने. ओठ हलले.

मिटलं.

मीही तिथेच होतो. ती बाई आयुष्यभर स्वतःला दोष देत राहणार, हे मला दिसत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. काड्या होत्या त्या भिंतीत. एवढंच.

...

नाही, सूनबाई. असं बघू नकोस माझ्याकडे.

...

भावोजी रुमालाला हात पुसत होता. पुसता पुसता थांबला. दांड्याकडे वाकून बघितलं. "पण एवढं चांगलं काम केलंत," म्हणाला, "तर दांडा असा जुना का वापरलात?"

"नवाच आहे," झालंच म्हणाला. पिशवीतून वेष्टन काढून दाखवलं. वर दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच होती.

"मग हे काय?"

तो बाजूला झाला, आणि झरोक्यातून येणाऱ्या उन्हात मी पाहिलं. दांड्याची दोन्ही टोकं आरशासारखी लखलखीत. मधोमध मात्र मुलामा पार गेला होता. आतलं पितळ पिवळंधमक, गुळगुळीत, जरासं खोलगटसुद्धा झालेलं. वरच्या अंगाला चार बोटांएवढं. खालून अंगठ्याएवढं.

नळाची मूठ झिजून अशी व्हायला किती लागतं, ते मला माहीत आहे. रोज, त्याच हाताने, त्याच जागी धरली, तर दहा-बारा वर्षं.

बाई पुढे आल्या. त्यांनी त्या जागेवर आपला हात ठेवला. त्यांची बोटं लहान पडली.

दांडा बसवून तेव्हा बारा तास झाले होते.